वाफसा येईपर्यंत कुदळ भिंतीला

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आमच्या सासूबाई मातीची पिशवी उघडतात, मूठभर माती घेऊन आवळतात आणि अंगठ्यानं दाबून बघतात. बोटाला चिकटली तर वर्तमानपत्रावर पसरून दिवसभर पंख्याखाली ठेवतात. भुगा झाला तर लगेच पत्रावळीवर. "ओल्या मातीत धान कुजतंय," एवढंच त्यांचं शास्त्र. ही माती मंगळवेढ्याहून भावजी आणून देतात, कारण आमच्या जुळे सोलापुरातल्या अंगणातली माती त्यांच्या पसंतीला उतरत नाही. मला बरीच वर्षं हा नुसता देवाधर्माचा भाग वाटायचा. घरामागच्या जागेत भाजी लावायला लागल्यावर लक्षात आलं, हिवाळ्यासाठी माती तयार करण्यातला सगळ्यात अवघड धडा त्या दर वर्षी माझ्यासमोर, ओट्यावर करून दाखवत होत्या.

त्या धड्याचं नाव वाफसा. शब्द सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण नेमका अर्थ विचारला तर बहुतेक जण "म्हणजे ओल असते ना ती" इथंच थांबतात. मीही तिथंच थांबले होते, आणि त्याची किंमत एका अख्ख्या हिवाळ्यानं वसूल केली.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. हस्ताचा पाऊस, आमच्याकडे त्याला हत्ती म्हणतात, चांगला दणकून पडला. दोन दिवसांनी लख्ख ऊन आलं, रविवार होता, मुळा-मेथीची बी आणून ठेवलेली होती. मी दहा बाय दहाचा वाफा उत्साहानं खणून काढला. कुदळीखालून मातीच्या वड्या निघत होत्या, चकचकीत, कापलेल्या खरवसासारख्या. फोटोसुद्धा काढला. आठ दिवसांत त्या वड्यांची ढेकळं झाली आणि दिवाळीपर्यंत ढेकळांचे दगड. मेथी इथं चार काड्या, तिथं दोन अशी उगवली. मुळे ढेकळांना वळसे घालत वाढले, एकेकाला तीन-तीन पाय. भाऊबीजेला आलेल्या भावजींनी एक ढेकूळ उचलून हातात तोललं आणि म्हणाले, "वहिनी, चिखल नांगरला की वीट होती. आमच्याकडं पोराला पण ठावं असतंय."

वीट का होते, हे समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं आहे.

सोलापूरची काळी माती म्हणजे दख्खनच्या बेसॉल्ट खडकाचं पीठ. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्ह्याचे थरावर थर साचले, आणि तो खडक झिजून झिजून ही माती बनली. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण मोठं असतं. चिकणमाती म्हणजे 0.002 मिलीमीटरपेक्षाही बारीक कण. त्यातही आपल्याकडे मुख्य आहे माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज. नाव जिभेला जड, पण स्वभाव ओळखीचा: भिजलेल्या वहीसारखा. त्याच्या कणात पातळ पापुद्रे एकावर एक रचलेले असतात आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या मधे शिरतं. मग वही फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळंच. या पापुद्र्यांचा आतला-बाहेरचा सगळा पृष्ठभाग मोजला तर शुद्ध माँटमोरिलोनाइटच्या एका ग्रॅममागे तो सातशे-आठशे चौरस मीटर भरतो. एक गुंठा म्हणजे साधारण 101 चौरस मीटर. म्हणजे चिमटीत सात गुंठे! एवढ्या पसाऱ्यावर पाणी चिकटून बसतं, म्हणून ही माती पाणी इतकं धरून ठेवते.

मंगळवेढ्याची ज्वारी याच जोरावर पिकते. पेरणीनंतर पाऊस पडो न पडो, मीटरभर खोल काळ्या मातीत पिकाला उपयोगी पडेल असं दीड-दोनशे मिलीमीटर पाणी साठलेलं असतं आणि ज्वारी त्यावर महाशिवरात्रीपर्यंत तग धरते. मोहोळला निवडलेली मालदांडी ज्वारी ही याच मातीची लेक.

पण पाणी धरणारी माती हवा सहज आत येऊ देत नाही. चांगल्या मातीत हे बारीक कण सुटे नसतात, ते एकमेकांना धरून रव्यासारखे दाणे बनवतात. दाण्यांच्या आत बारीक पोकळ्या, त्यात पाणी राहतं. दाण्यांच्या मधे मोठ्या पोकळ्या, त्यातून हवा खेळते आणि मुळं वाट काढतात. पाऊस पडला की दोन्ही पोकळ्या पाण्यानं भरतात. हळूहळू मोठ्या पोकळ्यांतलं पाणी खाली उतरतं, तिथं हवा येते, बारीक पोकळ्या मात्र ओल्याच राहतात. ही जी मधली अवस्था, तो वाफसा. ढोबळमानानं निम्मी जागा मातीच्या कणांची, उरलेल्या निम्म्यात पाणी आणि हवा जवळपास सारखी.

वाफसा यायच्या आधी कुदळ मारली, पाय दिला, तर ओले मऊ दाणे चिरडतात आणि पापुद्रे एकमेकांवर सपाट घसरून चिकटतात. मोठ्या पोकळ्या बंद. आपण सारवताना मुद्दाम हेच करतो, ओली माती हातानं फिरवून फटी बुजवतो. कुंभारही चिखल तुडवतो तो यासाठीच. मी त्या रविवारी वाफा खणला नव्हता, सारवला होता. कुदळीखालची ती चकाकी म्हणजे बंद झालेल्या पोकळ्यांची सही होती.

तेव्हा आता मी सासूबाईंची पद्धत वापरते. वरची माती फसवते, ती उन्हानं लगेच सुकते. म्हणून तीन-चार बोटं खोल उकरून मूठभर घ्यायची, लाडू वळायचा आणि अंगठ्यानं दाबायचं. अंगठ्याचा खड्डा पडला, माती नुसती वाकली, बोटं काळी झाली, तर थांबा. त्याच मातीची तळहातावर शेवई वळता येत असेल, तरीही थांबा. लाडू फुटून त्याचे रवाळ तुकडे झाले की वाफसा आला. लाडू वळतच नसेल तर वेळ टळून गेली, आता थोडं पाणी देऊन पुन्हा वाट बघावी लागेल. काळ्या मातीत ही मधली वेळ फार छोटी असते. माझ्या अंगणात मोठ्या पावसानंतर सहा-सात दिवसांनी येते आणि ऑक्टोबरच्या उन्हात तीन-चार दिवसांत निघूनही जाते. मुरमाड जमिनीवाल्यांना हे दुखणं नाही, त्यांचा वाफसा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हजर.

इंटरनेटवरचे हिवाळ्याच्या तयारीचे व्हिडिओ बघून अनेकांचा गोंधळ होतो, माझाही झाला होता. त्यातले बरेचसे थंड देशांतले. तिकडे हिवाळा म्हणजे बागेची झोप, म्हणून ते वाफे झाकून ठेवतात. चिकणमाती असेल तर पानगळीत ती ओबडधोबड खणून सोडतात आणि ढेकळं फोडायचं काम बर्फावर सोपवतात: ढेकळातलं पाणी गोठतं, फुगतं, ढेकूळ आतून फुटतं. आपल्याकडे डिसेंबरात रात्रीचा पारा पंधराच्या आसपास रेंगाळतो, दुपारी तीसला टेकतो. गोठणार काय! आणि आपला हिवाळा तर भाजीचा खरा हंगाम. सप्टेंबर हा आपला सगळ्यात जास्त पावसाचा महिना, ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस निरोप घेतो, आणि त्यानंतरचे तीन-चार आठवडे हीच आपली माती तयार करायची मुदत.

पण बर्फाचं काम इथं दुसरं कुणीतरी करतं. ओलं होणं आणि वाळणं. फुगणं-आक्रसणं हा ज्या मातीचा स्वभाव, ती स्वतःची ढेकळं स्वतःच फोडते. हे मला भावजींनी त्याच भाऊबीजेला दाखवलं. मी हातोडी घेऊन ढेकळं ठोकत होते. त्यांनी हातोडी काढून घेतली, झारीनं ढेकळांवर हलकं पाणी शिंपडलं, चिखल होणार नाही इतपतच, आणि दोन दिवस ऊन खाऊ दिलं. मग पुन्हा शिंपडलं, पुन्हा ऊन. तिसऱ्या खेपेला पायानं दाबलं तर निम्मी ढेकळं भुगा झाली. कोरड्या ढेकळात पाणी झपकन शिरलं की आतली कोंडलेली हवा बाहेर ढकलते आणि ढेकूळ जागोजागी तडकतं. ज्यांनी आधीच घाई केली आहे, त्यांनी एवढं करून बघावं. हातोडीनं ढेकळाची पूड होते, दाणे होत नाहीत, आणि ती पूड पहिल्या पाण्याला परत थापून बसते.

आता खताकडे येऊ. काळी माती म्हणजे कसदार माती, ही समजूत इतकी पक्की आहे की लोक खत घालताना हात आखडतात. काळा रंग म्हणजे सेंद्रिय पदार्थ भरपूर, असं नाही. खडकातून आलेली गडद खनिजं आणि चिकणमातीला घट्ट बिलगलेला थोडासा सेंद्रिय अंश, एवढ्यावर तो रंग येतो. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब, म्हणजे कार्बन, 0.5 टक्क्याच्या खाली असला तर तो कमी धरतात, आणि कोरडवाहू पट्ट्यातल्या उष्ण हवेत तो सहसा तिथंच घुटमळतो, कारण जे कुजवायचं ते जंतू भराभर कुजवून संपवतात. दाण्याला दाणा बांधून ठेवणारा गोंद मात्र या सेंद्रिय पदार्थातूनच तयार होतो. म्हणजे खत झाडाला जेवढं, तेवढंच मातीच्या रचनेला.

शेताचा हिशेब भाजीला हेक्टरी 20 टन शेणखत असा धरतात. तो चौरस मीटरला दोन किलो पडतो. दहा बाय दहा फुटांच्या वाफ्याला मग अठरा-वीस किलो, म्हणजे दोन-अडीच घमेली. माझ्या मते घरच्या छोट्या वाफ्यात याच्या दीडपट घातलं तरी चालतं. पण कुजलेलं हवं. मुठीत घेतलं तर शेणाचा वास यायला नको, पावसानंतरच्या मातीचा यावा. कच्च्या शेणाबरोबर हुमणीच्या अळ्या आणि तणाचं बी घरपोच मिळतं, शिवाय ते वाफ्यातच कुजताना गरम होऊन कोवळी मुळं भाजतं. ओळखीच्या गोठ्यातून "एकदम जुनं खत" म्हणून आलेल्या पोत्यातून मी एकदा पांढऱ्या, इंग्रजी सी आकारात वळलेल्या एकवीस अळ्या वेचल्या आहेत. तेव्हापासून पोतं आधी फरशीवर ओतते, मग वाफ्यात.

वाळका पाला, कडब्याचे तुकडे, पाचट असलं काही खणून मातीत गाडायचा मोह होतो. ते आत्ता करू नका. त्यात कर्ब खूप आणि नत्र, म्हणजे नायट्रोजन, अगदी कमी. कुजवणाऱ्या जंतूंना मात्र दोन्ही लागतं, मग ते नत्राची उसनवारी मातीकडून करतात आणि तुमची मेथी पिवळी पडते. हा पाला वरून पसरायला ठेवा, पुढे लागेल. हिरवा पाला, म्हणजे गिरिपुष्पाच्या किंवा शेवग्याच्या फांद्या छाटलेल्या असतील, तर तो गाडायला हरकत नाही, तो नत्र घेऊनच येतो. खत आणि पाला पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी, वीतभर खोल मिसळावा. ऑक्टोबरची ऊब असेपर्यंत जंतू जोरात असतात, थंडी लागली की त्यांचं काम मंदावतं. निंबोळी पेंड चौरस मीटरला मूठ-दोन मुठी.

काय घालायचं यापेक्षा काय घालायचं नाही, याबाबत मी जास्त आग्रही आहे.

पहिली वाळू. "माती चिकट आहे, वाळू टाका" हा सल्ला मला नर्सरीपासून नात्यातल्या लग्नापर्यंत सगळीकडे मिळाला. हिशेब करून बघू. एक चौरस मीटर जागा, 20 सेंटिमीटर खोल, म्हणजे सुमारे अडीचशे किलो माती. त्यात निम्मी चिकणमाती असेल आणि ते प्रमाण पाव करायचं असेल, तर तेवढीच, अडीचशे किलो वाळू हवी. दहा बाय दहाच्या वाफ्याला सव्वादोन टनांच्या वर, म्हणजे अर्धा ब्रास. तेवढी कोण घालतं? लोक दोन पाट्या घालतात, आणि चिकणमाती त्या वाळूभोवती आवळून बसते. त्या पैशांत शेणखत आणा.

दुसरा चुना, आणि त्याचीच बहीण लाकडाची राख. कोकणातल्या आंबट तांबड्या मातीला चुना मानवतो. आपल्याकडे आधीच चुनखडी भरलेली आहे. वाफ्यातल्या मातीवर थोडं व्हिनेगर टाकून बघा, फसफसलं की समजा. पांढरे खडे सापडत असतील तर तेवढीही तसदी नको. या मातीचा सामू, म्हणजे पीएच, बहुधा आठच्या आसपास असतो, आणि राखेनं तो आणखी चढतो. "मग गंधक टाकून सामू उतरवू" म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक हिशेब: मातीत 5 टक्के चुनखडी धरली, तर ती संपवायला चौरस मीटरला चार किलो गंधक लागेल. तेव्हा सामूशी भांडण नको, त्याच्याबरोबर राहायला शिका.

राहायचं म्हणजे काय, तर सामू चढा असला की मातीतलं लोह असून नसल्यासारखं होतं, झाडाला उचलता येत नाही. गुलाब-जास्वंदाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर ती लोहाची कमतरता. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्राची. लोहासाठी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मातीत टाकला तर तोही तिथंच अडकतो. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस आणि एक ग्रॅम लिंबूफूल विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा.

आणि जिप्सम. जिप्सम औषध आहे, पण चोपण जमिनीचं, जिथं सोडियम चढलेलं असतं. खारवट आणि चोपण यांतला फरक डोळ्यांनी नेहमी कळत नाही, म्हणून एकदा माती तपासून घ्यावी. 2015 पासून मृदा आरोग्य पत्रिकेची योजना आहे, त्यात बारा गोष्टी तपासून मिळतात. नमुना खत घालायच्या आधी घ्यायचा. इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा, त्याच्या कडेची पातळ चकती, अशा चार-पाच ठिकाणच्या. सगळं मिसळून चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, अर्धा किलो उरेपर्यंत.

पाण्याचा विषय सोलापुरात टाळून चालत नाही. नळाचं पाणी रोज येत नाही, मग बाग बोअरवर जाते, आणि बोअर अनेकांचं मचूळ. पावसाळ्यात हे क्षार धुऊन खाली जातात. हिवाळ्यात धुणारं कुणी नाही. रोज थोडं थोडं पाणी दिलं तर ते वरच्या वर उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि जानेवारीत वाफ्याच्या कडांवर पांढरी साय धरते. त्यापेक्षा पाणी उशिरा द्या, पण मुळाच्या खालपर्यंत पोचेल असं द्या. त्यासाठी पाण्याला जायला वाट हवी, म्हणून आत्ताच गादीवाफा करायचा, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच. कडेच्या सरीत पाणी साचलं तरी मुळं कोरड्यात श्वास घेतात. एकदा वाफा बांधला की त्यावर पाय ठेवायचा नाही, म्हणून रुंदी दोन्ही बाजूंनी हात पोचेल एवढीच, चार फुटांच्या आत.

नव्या प्लॉटवाल्यांची अडचण वेगळी. बांधकामाचा राडारोडा आणि मुरूम वर, काळी माती खाली गाडलेली. तिथं ट्रॉलीभर माती विकत घ्यावीच लागते. घेताना एकच बघा, लव्हाळा या तणाच्या गाठी. हरभऱ्याएवढ्या काळ्या गाठी दोऱ्यात ओवल्यासारख्या सापडल्या तर ट्रॉली परत पाठवा, कितीही स्वस्त असली तरी. मी पाठवली नाही. आता दर ऑक्टोबरला वाफशावर खुरप्यानं त्या गाठी माळेसकट उपसते आणि गच्चीवर वाळत घालते. वरून नुसती पात कापली तर लव्हाळा उलट खूश होतो.

पेरणी झाली, रोपं चार बोटं झाली, की मघाशी बाजूला ठेवलेला पाला वाफ्यावर दोन-तीन बोटं जाड पसरायचा. ऊन मातीला लागत नाही, ओल टिकते, भेगा पडत नाहीत. भेग म्हणजे खोलवरच्या ओलीला उघडलेली खिडकी, शिवाय ती पडताना मुळं तोडते. पाला नसेल तर खुरप्यानं वरची माती हलवत राहा. "एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी" असं कोरडवाहूवाले म्हणतात ते याचसाठी, वरचा सुटा थर खालच्या ओलीवर पांघरूण होतो.

यंदा दसऱ्याला घटातले कोंब टोपीत खोवून झाल्यावर सासूबाईंनी घटाची माती नेहमीसारखी वाफ्याच्या कोपऱ्यात ओतली. त्यानंतर परवा अचानक तासभर पाऊस झाला. आज सकाळी मी खत ओतून, कुदळ काढून तयारीत होते. त्या चहाचा कप घेऊन मागे आल्या, वाकून मूठभर माती उकरली, आवळली, अंगठा दाबला, बोटं पदराला पुसली.

"गुरुवारी बघू," म्हणाल्या. कुदळ परत भिंतीला टेकवली आहे.